आलं-लिंबाचा पाक, मुरलेलं लिंबू, महाळुंग: खोकल्यासाठी पुण्यात मिळतं ते कसं आहे

दिवाळी सरली की पुण्यात दुपारचं ऊन तसंच राहतं आणि पहाटेचा पारा मात्र दहा-बारा अंशांवर येतो. त्यात धूळ. डिसेंबर-जानेवारीत घसा धरलेली माणसं वाढतात आणि किराणा दुकानांपासून आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांपर्यंत लिंबाचं चित्र असलेल्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. आलं-लिंबाचा पाक, मध-लिंबू, लिंबाचं मुरलेलं लोणचं, मातुलुंगाचा म्हणजे महाळुंगाचा अवलेह (औषधी चाटण), संत्र्याच्या सालीची पूड, लिंबाच्या चवीच्या गोळ्या. यातलं खोकल्याला खरोखर उपयोगी काय आणि नुसतंच सरबत काय, हे या परीक्षणात पाहू. उत्पादकांची नावं मुद्दाम टाळली आहेत. एकाच प्रकारच्या दहा बाटल्यांत फरक नावाचा नसतो, मागच्या बारीक अक्षरांतल्या घटकांचा असतो.

आधी निकष सांगतो. लिंबाने सर्दी-खोकल्याचा संसर्ग बरा होत नाही. क जीवनसत्त्वाचा मोठा बोलबाला आहे, पण उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की ते रोज, आधीपासून घेणाऱ्या प्रौढांमध्ये सर्दीचे दिवस साधारण 8 टक्क्यांनी कमी होतात. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर खात्रीचा फायदा दिसत नाही. मग आजीच्या चाटणाने आराम का पडतो? घट्ट, गोड पदार्थ घशाच्या आतल्या बाजूवर थर धरतो, आंबटामुळे तोंडाला लाळ सुटते, लाळ गिळली जाते, आणि कोरड्या घशाची खवखव काही वेळ शांत होते. म्हणजे मुख्य काम मधाचं किंवा पाकाचं. लिंबू लाळ सुटण्यापुरतं. या पलीकडे आंबट गेलं की उलटा परिणाम. खोकल्यावरच्या संशोधनात स्वयंसेवकांना मुद्दाम खोकला आणायचा असतो तेव्हा सायट्रिक अॅसिडचा फवारा हुंगायला देतात, हे लक्षात ठेवलं तर आंबटाचं माप का महत्त्वाचं ते कळेल. गिळलेलं लिंबू आणि हुंगलेलं अॅसिड एक नव्हे, पण सोललेल्या घशाला जास्त आंबट झोंबतंच. तेव्हा निकष दोन: पुरेसं घट्ट आहे का, आणि आंबट आवरतं आहे का.

या मापाने बाजारातली आलं-लिंबाची बाटली बहुतेक वेळा नापास होते. कारण ती मुळात सरबतासाठी केलेली असते. स्क्वॉश म्हणून विकायचं तर नियमाने त्यात फळाचा रस किमान 25 टक्के लागतो आणि वापरताना त्यात तिप्पट पाणी घालायचं असतं. तसाच चमचाभर चाटला तर घसा आक्रसतो. पाणी घातलं तर घट्टपणा गेला. अनेक बाटल्यांत रसाचा आंबटपणा टिकावा म्हणून वरून सायट्रिक अॅसिड घातलेलं असतं, लेबलवर त्याचा क्रमांक 330. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पहिले चार शब्द वाचावेत. साखर, पाणी, लिंबाचा रस, आल्याचा रस असा क्रम असेल तर ठीक. साखर, पाणी, 330, ‘आल्याचा अर्क’ आणि मग कुठेतरी लिंबू असेल तर ती बाटली परत फळीवर ठेवावी. ‘मध-लिंबू’ नावाच्या बाटलीत मध चौथ्या-पाचव्या जागी सापडणं ही तर नेहमीची गोष्ट.

दम्याच्या माणसाने आणखी एक पाहावं. टिकाऊपणासाठी 211 (सोडियम बेंझोएट) किंवा 223, 224 हे सल्फाइटचे प्रकार वापरतात. 220 ते 228 या क्रमांकांच्या सल्फाइटांनी काही दमेकऱ्यांची श्वासनळी आकसते आणि खोकला उसळतो. खोकल्यासाठी आणलेल्या बाटलीने खोकला यावा, यासारखा विनोद नाही. बाटलीवर 14 आकडी खाद्य परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख नसेल, तर ती ‘घरगुती’ असली तरी घेऊ नये.

चांगल्या पाकाची ओळख डोळ्यांनी पटते. पिवळाधमक रंग संशयास्पद. आलं-लिंबाच्या पाकाचा रंग फिकट, कोवळ्या आल्याचा असेल तर किंचित गुलाबीसर. तळाशी थोडा पांढरा गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो आल्याचा साका आहे. मात्र बोटभर थर असेल तर करणाऱ्याने रस निवळू न देताच ओतला आहे. असा पाक लवकर आंबतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बारीक बुडबुडे दिसले की टाकून द्यावा. घेतल्यावर तोंडात कडवट चव मागे रेंगाळत असेल तर लिंबं सालीसकट दाबून किंवा बिया भरडून रस काढलेला आहे. यंत्रावर काढलेल्या रसात हा दोष फार.

घरी केला तर आंबटाचं माप हातात राहतं, म्हणून प्रमाण देतो. मार्केट यार्डात लिंबू येतं ते बहुतेक श्रीगोंदा-कर्जत भागातलं. मंडईत किंवा हातगाडीवर निवडताना पातळ सालीचं, पिवळट, बोटाने दाबल्यावर थोडं दबणारं आणि आकाराच्या मानाने जड लिंबू घ्यावं. हिरवंगार, खडबडीत सालीचं लिंबू दिसायला टवटवीत असलं तरी रस कमी देतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘साई सरबती’ वाण मिळाला तर उत्तम, तो रसाळ आहे. हिवाळ्यात लिंबू स्वस्त असतं, मार्च ते मे भाव चढतात. पाक हिवाळ्याच्या सुरुवातीलाच करून ठेवावा.

एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, 14 ते 16 मध्यम लिंबं (पाव लिटर रस), 200 ग्रॅम आलं. आलं धुऊन, किसून, पातळ फडक्यातून पिळायचं. साधारण 100 मिली रस निघतो. तो उभट भांड्यात तासभर न हलवता ठेवायचा. साका खाली बसला की वरची निवळ हलक्या हाताने ओतून घ्यायची. साखर-पाणी उकळताना त्यात चमचाभर लिंबाचा रस आधीच टाकावा: मळी वर येते, ती काढता येते, आणि पुढे पाकात साखरेचे खडे धरत नाहीत. एकतारी पाक झाला की आच बंद. आल्याचा रस गरम पाकात, लिंबाचा उरलेला रस मात्र पाक कोमट झाल्यावर. उकळत्या पाकात ओतलं की लिंबाचा वास उडतो आणि चव शिळी लागते. भांडं स्टीलचं, बिनकल्हईचं पितळ, तांबं किंवा अॅल्युमिनियम नको, आंबटाने ते कळकतं. यात सव्वा लिटरच्या आसपास पाक होतो आणि लिंबाच्या रसाचं प्रमाण वजनाने साधारण 15 टक्के राहतं, म्हणजे स्क्वॉशपेक्षा बरंच कमी. साखर पासष्ट टक्क्यांच्या खाली असल्याने हा पाक फ्रिजमध्येच टिकतो. बाहेर ठेवून पंधरा दिवसांत आंबला तर दोष लिंबाचा नाही.

पाकापेक्षाही साधं आणि जास्त गुणाचं म्हणजे ताजं चाटण. एक मोठा चमचा मध (15 मिली), अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, पाव छोटा चमचा आल्याची निवळ. लिंबू मोजूनच घालायचं, ‘अर्धं लिंबू पिळा’ या सल्ल्याने प्रमाण तिप्पट होतं. सावकाश चाटायचं आणि पुढे पंधरा-वीस मिनिटं पाणी प्यायचं नाही. लगेच घोटभर पाणी प्यायलं तर थर धुऊन जातो आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार येते. रात्री झोपताना सर्वांत उपयोगी. मध उकळत्या पाण्यात घालू नये असं आयुर्वेद सांगतो. तापवल्याने मधाचा वास आणि गुण उतरतो हे तसंही खरं आहे. पाणी ओठाला सोसेल इतकं निवलं की मगच मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावूनही नाही. बॉटुलिझम (जिवाणूच्या विषाने होणारा आजार) हा दुर्मीळ पण गंभीर धोका त्यात आहे. मधुमेह असेल तर एका मोठ्या चमच्यात जवळपास 17 ग्रॅम साखर जाते हे हिशेबात धरावं.

लहान मुलांच्या बाबतीत घरगुती उपायांकडे ओढा वाढण्याचं कारण अलीकडचंच आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत असं बजावलं, पाच वर्षांखाली तर ती सहसा देऊच नयेत असंही. वर्षावरच्या मुलाला अर्धा-एक छोटा चमचा मध, त्यात लिंबाचे दोन-तीन थेंब, इतकं पुरतं. आल्याचा तिखटपणा लहान मुलांना सोसत नाही.

आता आमच्या मते या यादीतला सर्वांत चांगला आणि सर्वांत दुर्लक्षित माल: मुरलेलं लिंबू. तेल नाही, मोहरी नाही, तिखट नाही. फक्त लिंबू, मीठ आणि काळ. वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या लिंबाची साल मेणासारखी मऊ आणि रंगाने तपकिरी, जवळजवळ काळी होते. नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून चोखला की लाळ भरपूर सुटते आणि आंबटाची धार मिठाने बोथट झालेली असल्याने घशाला झोंबत नाही. चिकटलेला कफ सुटायलाही त्याने सोपं जातं. तोंड बेचव झालेल्या माणसाला जेवणाबरोबर यापेक्षा दुसरं काही गोड लागत नाही.

पुण्यात ते मिळवणं मात्र थोडं कटकटीचं. मोठ्या दुकानांत ‘उपवासाचं लिंबाचं लोणचं’ या नावाने जे मिळतं त्यात साखर आणि लाल तिखट असतं. चवीला झकास, खोकल्याला कुचकामी. तिखटाने ठसका लागतो. मागायचं ते ‘फक्त मिठातलं, जुनं’. डिसेंबरातल्या भीमथडी जत्रेत किंवा शाळा-मंगल कार्यालयांत भरणाऱ्या बचत गटांच्या विक्रीत विचारलं तर मिळतं. सदाशिव-नारायण पेठेतल्या घरगुती पदार्थांच्या छोट्या दुकानांतही कधी कधी. किती महिन्यांचं आहे ते विचारावं. पिवळसर आणि सालीला चावावं लागतं असं असेल तर ते तीन महिन्यांच्या आतलं, अजून कडू. बरणीत वर पांढरं दिसलं तर चिमटीत घेऊन पाहावं: खरखरीत लागून पाण्यात विरघळलं तर ते मिठाचे कण, मऊ लोकरीसारखं असेल तर बुरशी. बुरशी वरून काढून बाकीचं खाऊ नये.

घरी करायला एक किलो लिंबांना पाव किलो मीठ. लिंबं धुऊन पूर्ण कोरडी, अगदी देठाच्या खळगीतलं पाणीसुद्धा टिपून. बुरशी येते ती बहुतेक वेळा या खळगीतल्या थेंबामुळे नाहीतर ओल्या चमच्यामुळे. चार फोडी तळाशी जोडलेल्या ठेवून मीठ भरायचं, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून बसवायचं, वरून तीन-चार लिंबांचा रस. पहिले पंधरा दिवस रोज हलवायचं, ऊन दाखवायचं. मीठ कमी करून ‘पौष्टिक’ करण्याच्या नादात बरणी बिघडते. मीठ इथे चवीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे. रक्तदाबाच्या माणसाने तो नखाएवढा तुकडाच घ्यावा, तोही रोज नको.

महाळुंगाचा मान मोठा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच, आणि चरकसंहितेत खोकला, दमा, उचकी यांवर मातुलुंग सांगितलं आहे. पण तिथला तपशील पुण्यातल्या फळीवर हरवतो. ग्रंथात प्रशंसा आहे ती केसराची, म्हणजे आतल्या रसाळ कणिकांची. केसर पचायला हलकं आणि फळाचे बाकीचे भाग जड असं स्पष्ट म्हटलं आहे. या फळात रस थोडा आणि पांढरी जाड साल भरपूर. मुरंब्याच्या बरणीत साहजिकच सालच असते. मुरंबा वाईट नाही, पण खोकल्यासाठी म्हणून विकत घेणं ग्रंथालाही धरून नाही. अवलेह घेतलात तर त्यात ‘रस’ किंवा ‘केसर’ लिहिलंय की नुसतं ‘फळ’, ते पाहावं. ताजं फळ मंडईत नेहमी नसतं, लिंबवाल्याकडे सांगून ठेवावं लागतं. मिळालं तर केसर मोकळं करून त्यावर सैंधव आणि दोन मिरे भरडून, थोडं थोडं चघळावं. ईडलिंबू महाळुंग म्हणून गळ्यात मारलं जातं, तेव्हा कापून पाहा: महाळुंगात साल गरापेक्षा जाड असते.

संत्र्याची वाळलेली साल मधातून चाटण्याचा प्रकार आहे. सालीतला कडू-सुगंधी अंश घशाला बरा वाटतो. पाव छोटा चमचा पूड पुरे. इथे खरेदीत फसगत ठरलेली. मंडई-रविवार पेठ परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत सालीची पूड मिळते, पण ती बहुतांशी उटण्यासाठी आणि चेहऱ्याच्या लेपासाठी. पुडीवर ‘बाह्य उपयोगासाठी’ असेल किंवा खाद्य परवान्याचा क्रमांकच नसेल तर ती पोटात जाऊ नये. त्यापेक्षा हिवाळ्यात अंबिया बहाराची नागपुरी संत्री आली की ती कोमट मीठपाण्याने चोळून धुवावीत, सालीची आतली पांढरी बाजू चमच्याने खरवडावी, सावलीत आठवडाभर वाळवावी. काड्कन मोडेपर्यंत वाळली नाही तर डब्यात बुरशी.

टपरीवरचा लेमन टी घशाला उबारा देतो, एवढंच. काळं मीठ कमी घालायला सांगा. ज्यूस सेंटरवरचा मोसंबी रस पथ्याचा म्हणून चांगला, खोकल्याचा उपाय म्हणून नव्हे. बर्फ आणि साखर नको म्हणावं, आणि समोर काढून तिथेच प्यावा. बाटलीत भरून घरी नेला की कडू होतो, हा त्या रसाचा स्वभाव आहे, गाडीवाल्याचा दोष नाही. औषधाच्या दुकानातल्या लिंबाच्या चवीच्या गोळ्यांत लिंबू नावालाच. काम करतो तो मेन्थॉल किंवा जंतुनाशक. क जीवनसत्त्वाच्या 500 मिलिग्रॅमच्या आंबट गोळ्या दिवसभर चघळणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणाव्यात: प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम पुरतं, आणि चघळल्याने दातांचं आवरण झिजतं. लिंबाचं काहीही घेतल्यावर चूळ भरावी, ब्रश मात्र अर्ध्या तासानेच.

काही खोकल्यांना यातलं काहीच लागू पडत नाही. रात्री आडवं झालं की येणारा, छातीत जळजळीसोबतचा खोकला बऱ्याचदा आम्लपित्ताचा असतो. त्याला लिंबू दिलं तर वाढतो. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा होतो (एनालाप्रिल, रॅमिप्रिल) त्यांनी कोरडा खोकला येतो, तो डॉक्टरांनी गोळी बदलल्यावरच जातो. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करायची असते, महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत होते. रक्त पडणं, धाप, वजन उतरणं असेल तर दोन आठवडे थांबूही नये.

पपनसाबद्दल एक इशारा, कारण ‘लिंबाचाच मोठा भाऊ’ म्हणून तेही खोकल्यात खाल्लं जातं. त्याच्या रसामुळे कोलेस्टेरॉलच्या, रक्तदाबाच्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. अशा गोळ्या चालू असतील तर फोड खाण्याआधी औषधवाल्याला नव्हे, डॉक्टरांनाच विचारा. लिंबू आणि नागपुरी संत्र्याच्या बाबतीत ही अडचण सहसा येत नाही.